बोअरच्या पाण्यातलं ॲट्राझिन आणि सोन्याचे नॅनोकण

सोलापूरकडे उसातल्या तणावर ॲट्राझिन फवारतात. बोअरच्या पाण्यातला त्याचा अंश शोधायला मी सोन्याच्या नॅनोकणांचं (अतिसूक्ष्म कणांचं) लाल द्रावण वापरतो. ॲट्राझिनने ते निळसर होतं. पण कधीच फवारणी न झालेल्या शेतातलं पाणीही थेंब पडताच जांभळं! कारण क्षार. कणांवरच्या सायट्रेट नावाच्या रसायनाच्या थराचा ऋणभार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम तो झाकतात आणि कण गोळा होऊन रंग बदलतो. क्षार कमी करायला पाणी पातळ केलं तर ॲट्राझिनचा अंशही विरळ होतो. म्हणून नमुना सी-१८ कार्ट्रिजमधून (ॲट्राझिन धरून ठेवणाऱ्या भुकटीच्या नळीतून) सोडला, डिस्टिल्ड वॉटरने क्षार धुतले, अडकलेलं ॲट्राझिन मिथेनॉलने उतरवलं, मिथेनॉल उडवून पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात घेतलं. आता ॲट्राझिन नसलेला कोरा नमुना लालच राहतो. युरोपात पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. इतक्या कमी अंशाला रंग ओळखायला नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.