४ इंच म्हणत होतो, २ वर थांबलो

पिकअप सस्पेन्शन बदलून ४ इंच उचलायची हे मी ठरवूनच टाकलं होतं. रुबाबदार दिसते, याखेरीज कारण खरं तर नव्हतंच. गाडीखाली शिरून पाहिलं आणि बेत बदलला. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात. गाडी वर गेली की चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट जास्त तिरके होतात, त्यांच्या टोकांच्या सांध्यांवर (सीव्ही जॉइंट) ताण येतो, सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) लवकर फाटतात. ४ इंचांसाठी पुढचं डिफरन्शियलही (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) खाली उतरवावं लागणार, म्हणजे काम कितीतरी वाढणार.

आणि मागचं डिफरन्शियल? ते अखंड अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या एकाच आडव्या कण्यावर. स्प्रिंग कितीही उंच करा, ते जमिनीपासून होतं तिथेच! त्याला वर नेतात फक्त मोठे टायर, तेही व्यास २ इंच वाढला तर जेमतेम १ इंच.

मग हिशोब उलटा धरला. आधी टायर ठरवले, ते घासणार नाहीत एवढीच उंची घेतली: २ इंच. लगेच व्हील अलाइनमेंट केली, हेडलाइटचा झोत खाली घेतला. तरी पूर्ण स्टिअरिंग वळवून बघायचं राहिलंच. टायर मडफ्लॅपला लागला, तो कापावा लागला. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर आता पूर्वीपेक्षा थोडा कमी वेग दाखवतो.