मॉनिटरचे रंग बिघडले? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

स्क्रीनवरचा पांढरा रंग गुलाबी दिसायला लागला की बरेच जण थेट सेटिंग उघडतात आणि हाताला लागेल ते वरखाली करत सुटतात. अर्ध्या तासाने मूळ बिघाड जिथल्या तिथे असतो, वर चार नवे झालेले असतात. म्हणून काहीही बदलण्याआधी दोष कॉम्प्युटरचा, केबलचा की मॉनिटरचा, एवढंच ठरवायचं.

मेनू उघडून बघा

मॉनिटरच्या कडेचं किंवा खालचं बटण दाबलं की ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा मेनू येतो. तो कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. मागचं चित्र हिरवट, पण मेनूचे रंग ठीक, तर संशय केबलवर किंवा कॉम्प्युटरवर घ्या. मेनूवरही तीच झाक असेल तर दोष बहुधा मॉनिटरचा, निदान त्याच्या सेटिंगचा.

मग एक स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाहा. त्यातही रंग बिघडलेले असतील तर गडबड कॉम्प्युटरमध्येच आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून मात्र कॉम्प्युटर सुटला असं समजू नका. नाइट लाइटचा, म्हणजे रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सोयीचा पिवळेपणा आणि कलर प्रोफाइलचा, म्हणजे स्क्रीनचे रंग जुळवणाऱ्या फाइलचा परिणाम सहसा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही.

केबल

कॉम्प्युटर बंद करून केबल दोन्ही टोकांना काढा आणि घट्ट बसवा. हसू नका, निम्मं काम इथेच होतं.

जुनी व्हीजीए केबल असेल, म्हणजे 15 पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, तर निदान फारच सोपं. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या पिनांमधून येतात: अनुक्रमे 1, 2 आणि 3. एक पिन वाकली की तो रंग गायब. रिकामं पांढरं पान उघडा. ते पिवळं दिसलं तर निळा गेला, आकाशी दिसलं तर लाल, आणि गडद गुलाबी दिसलं तर हिरवा. चित्र चालू असताना टोकापाशी केबल हलकेच हलवा; रंग येत-जात असेल तर चोर सापडला. वाकलेली पिन प्लास्टिकच्या काडीने हळूच सरळ करता येते. मधल्या ओळीत एक पिन मुळातच नसेल तर घाबरू नका, 9 नंबरची पिन बऱ्याच केबलींना नसते.

एचडीएमआयचं दुखणं वेगळं. केबल खराब असेल तर चित्रावर ठिपके चमकतात किंवा स्क्रीन मधेच काळी होते. पण काळा रंग राखाडी आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसत असेल, तर कॉम्प्युटर रंगांचे आकडे 16 ते 235 असे पाठवतोय आणि मॉनिटर 0 ते 255 ची वाट बघतोय. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करा.

कॉम्प्युटर

मी एकदा अख्खी संध्याकाळ ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्यात घालवली. स्क्रीन रोज संध्याकाळीच पिवळी पडायची, तरी नाइट लाइट वेळ लावून चालू होतोय हे सुचलं नाही! तेव्हा आधी तो बंद करा. विंडोजमध्ये कलर फिल्टर (सगळ्या स्क्रीनचे रंग बदलणारी सोय) आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी पद्धत) हेही तपासा. एचडीआर चालू राहिला की साधं चित्र फिकट दिसू शकतं. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात. एवढ्यानेही नाही जमलं, तरच ड्रायव्हर पुन्हा टाकण्याच्या फंदात पडा.

विंडोज सुरू होण्याआधीच्या स्क्रीनवरही रंगीत चौकोन किंवा चट्टे दिसत असतील, तर सॉफ्टवेअरमागे वेळ घालवू नका. तिथे ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा मॉनिटर यांपैकीच कोणीतरी आहे.

मॉनिटर

मेनूतून फॅक्टरी रीसेट करा आणि कलर टेम्परेचर (पांढरा किती पिवळसर किंवा निळसर दिसावा ते) 6500 केल्विनवर ठेवा. आकडा नसेल तर ‘नॉर्मल’. मान हलवली की रंग बदलत असतील तर तो बिघाड नव्हे, टीएन नावाच्या पडद्याच्या प्रकाराचा स्वभाव आहे. शेवटी मॉनिटर दुसऱ्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघा. तिथेही उभी पट्टी किंवा पिवळेपणा कायम असेल तर पॅनेल (पडदा) किंवा बॅकलाइट (त्यामागचा दिवा) गेलाय. मॉनिटर घरी उघडू नका, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.