एमपीसी वनवर मिडी सीक्वेन्स रेकॉर्ड करून बाहेरच्या सिंथवर वाजवायचा कसा

माझ्याकडे अकाईचं एमपीसी वन, म्हणजे पॅडवर वाजवून संगीत रेकॉर्ड करायचं मशीन आहे आणि जोडीला पाच पिनांच्या मिडी सॉकेटवाला एक जुना सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. ही जोडी नीट कशी लावायची हे बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे मिडी, म्हणजे वाद्यांची एकमेकांना सूचना द्यायची भाषा, हिच्यात आवाज रेकॉर्ड होत नाही. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, पेडल कधी दाबलं एवढंच साठवलं जातं (या साठवलेल्या सूचनांची मालिका म्हणजे सीक्वेन्स), आवाज दरवेळी सिंथच काढतो. पुढच्या बहुतेक अडचणी हे विसरल्यामुळेच येतात.

केबल दोन लागतात. सिंथचा मिडी आउट एमपीसीच्या मिडी इनमध्ये आणि एमपीसीचा आउट सिंथच्या इनमध्ये. मग सिंथच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकल कंट्रोल ऑफ करा, नाहीतर होतं काय की तुम्ही एक पट्टी दाबता आणि सिंथ तीच नोट दोनदा वाजवतो, एकदा स्वतःच्या पट्ट्यांवरून आणि एकदा एमपीसीतून फिरून आलेली, आणि आवाज पोकळ पोकळ लागतो. नुसता सिंथ वाजवायला बसाल तेव्हा लोकल आठवणीने परत ऑन करा.

एमपीसीत प्रेफरन्सेसमधलं मिडी/सिंक पान उघडून इन आणि आउट दोन्ही पोर्टसमोरचा 'ट्रॅक' हा पर्याय चालू करा. मग ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचंय त्याचा प्रकार मिडी, पोर्ट मिडी आउट, आणि 16 पैकी चॅनेल तोच जो सिंथवर लावलाय.

बार आणि टाइम सिग्नेचर रेकॉर्ड करायच्या आधीच ठरवा. भजनी ठेका 8 मात्रांचा, म्हणजे 4/4 चे 2 बार झाले, पण रूपक असेल तर 7/4 लावा, तो 4/4 मध्ये कोंबला की तुमची सम आणि क्लिकची (मशीनच्या टिकटिक ठोक्याची) सम प्रत्येक आवर्तनात सरकत जाते आणि लूप कधीच जुळत नाही.

आता रेक दाबून प्ले स्टार्ट दाबा, वाजवा. रेकने त्या ट्रॅकवरचं आधीचं पुसलं जातं, वर थर चढवायचा असेल तर ओव्हरडब वापरायचं. चुकलं तर लगेच अनडू.

टायमिंग करेक्ट, म्हणजे टीसी, मी रेकॉर्ड करताना बंदच ठेवतो आणि तुम्हीही ठेवा असं मनापासून सांगेन. ते चालू असलं की प्रत्येक नोट जवळच्या 1/16 वर खेचली जाते आणि मूळ हाताची लय कायमची जाते, भजनाचा तो थोडा मागे रेंगाळणारा डौल संपतोच. आधी कच्चं घ्या, सीक्वेन्सची कॉपी करा आणि त्या कॉपीवर टीसी लावून बघा. स्विंग, म्हणजे दर दुसरा ठोका किंचित मागे सरकवणं, 50 ते 75 टक्के मिळतो, कानाला पटेल तिथे थांबवा.

लूप संपायच्या आत पेडल सोडा. दाबलेल्या पेडलचा मेसेज गेला आणि सोडल्याचा रेकॉर्डच झाला नाही तर नोटा लटकून राहतात.

अजून एक, आणि हे मी स्वतः भोगलंय. रात्री स्ट्रिंग्जवर सगळं बसवलं, दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात प्ले दाबलं तर तेच सगळं पियानोच्या आवाजात सुरू झालं, कारण सिंथ चालू होताना त्याच्या पहिल्या आवाजावर गेला होता आणि मी सीक्वेन्ससोबत प्रोग्राम चेंज, म्हणजे सिंथला कुठला आवाज लावायचा हे सांगणारा मेसेज, पाठवलाच नव्हता. तेव्हा ट्रॅकवर बँक (आवाजांचा गट) आणि प्रोग्राम नंबर आधी भरून ठेवा. यातही एक गोम आहे, मिडीत नंबर 0 ते 127 धावतात पण बऱ्याच सिंथच्या स्क्रीनवर 1 ते 128 दिसतात, म्हणून शेजारचाच आवाज लागला तर नंबर एकने पुढेमागे करून बघा.

वीज जायच्या आत प्रोजेक्ट एसडी कार्डवर सेव्ह करा आणि सीक्वेन्स वेगळा मिडी फाईल म्हणूनही काढून ठेवा, ती इतकी हलकी असते की व्हॉट्सअ‍ॅपवर कीबोर्डवाल्या मित्राला पाठवता येते आणि तो ती त्याच्या मशीनवर उघडू शकतो.