पाहुणा कलाकार वर्गात येतो तेव्हा : संगीतशिक्षकांनो, या चुका टाळा

किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या स्पिक मॅके या संस्थेमुळे नामवंत कलाकार शाळांच्या दारी येऊ लागले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक कलाकारांना शिकवण्यासाठी बोलवावे असे सुचवले. कलाकार येतात, त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही येतात.

सर्वांत महागात पडते ती पट्टी, म्हणजे गायक आपला ‘सा’ कोणत्या उंचीवर धरतो ते, न विचारण्याची चूक. एका ख्यालगायकांना मी सहावीला अभंग शिकवण्यासाठी बोलावले, तेव्हा प्रवास, चहा, मानधन असे सगळे विचारले. पट्टी तेवढी विचारली नाही. आमची मुले काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणारी आणि पाहुणे काळी एकचे, म्हणजे मुलांसाठी पुढच्या सप्तकातली, अधिक चढी पट्टी. धृपद कसेबसे निभावले, पण अंतरा तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) वर जाताच अर्धी मुले किंचाळू लागली आणि उरलेली खालच्या सप्तकात पुटपुटू लागली. पेटीचे काय, बोटे सरकवली की झाले. परंतु शाळेचा मोठ्या तोंडाचा तबला काळी एकपर्यंत चढवण्यासाठी त्याचे लाकडी गठ्ठे ठोकता ठोकता पुडीच (वरचे कातडेच) फाटली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील वीस मिनिटे त्यात गेली.

तेव्हापासून मी आठवडाभर आधी फोन करून पट्टी विचारतो आणि मुलांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रणही पाठवतो. पाहुण्यांना स्वतःची पट्टी सोडवत नसेल, तर त्यांनी त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवावे आणि त्याच ओळी मी मुलांकडून मुलांच्या पट्टीत म्हणवून घ्याव्यात, असे आधीच ठरवतो.

दुसरी चूक मला अधिक खटकते. पाहुणे आले म्हणजे आपल्याला सुटी, असे समजून कित्येक शिक्षक वह्या तपासायला शिक्षकखोलीत जाऊन बसतात. पुढच्या सोमवारी मुले ती चाल प्रत्येकी वेगळी म्हणतात आणि खरी कोणती, हे सांगणारे कोणी नसते. मी सतरंजीवर मुलांतच बसतो, स्वरलिपी लिहून घेतो आणि निघण्यापूर्वी ती पाहुण्यांकडून तपासून घेतो.

संमेलनाला चार दिवस उरले असताना ‘एवढे समूहगीत बसवून द्या’ म्हणून कलाकाराला बोलवू नये. त्याला शिकवणे म्हणत नाहीत, ती डागडुजी आहे. मुलांसमोर एकमेकांच्या घराण्यावर टीका तर दोघांनीही करू नये. स्वागताची भाषणे तासिकेबाहेर ठेवावीत.

आणि मानधनाच्या जागी शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. शेवटच्या तासिकेच्या आदल्या दिवशीच मी कार्यालयातून पाकीट आणून पेटीच्या खोक्यात ठेवतो, कारण तासिका संपते तेव्हा लेखनिक हमखास जेवायला गेलेले असतात.