नागपुरात स्कॉटिश सहकाऱ्यासाठी फुटबॉल पाहण्याची जागा शोधताना

मिहानमधील कामाच्या निमित्ताने नागपुरात वर्ष-दोन वर्षांसाठी येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांमध्ये एखादा स्कॉटिश माणूस असला, तर घर, भाजीबाजार आणि ऊन यांची चौकशी संपताच तो हमखास विचारतो की शनिवारचा सामना कुठे पाहता येईल. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी त्या सहकाऱ्याला शहरातील सर्वांत मोठा पडदा असलेल्या लाउंजमध्ये घेऊन गेलो. तिथे पडद्याचा आवाज बंद होता, गाणी कर्कश होती, आणि मध्यंतरानंतर कोणीतरी वाहिनी बदलून दोन वर्षांपूर्वीचा क्रिकेट सामना लावला. त्या संध्याकाळी मला एवढे समजले की पडद्याच्या आकारावरून जागा निवडायची नसते. रिमोट कोणाच्या हातात आहे आणि तो माणूस आपले ऐकतो का, हे पाहायचे असते.

जागा शोधण्याआधी पाहुण्याची नीट माहिती करून घ्यावी. आपल्या बोलण्यात ब्रिटनहून आलेला प्रत्येक गोरा माणूस ‘इंग्रज’ असतो. स्कॉटिश माणसाशी फुटबॉलबद्दल बोलताना हा शब्द कटाक्षाने टाळावा. फुटबॉलचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड याच दोन देशांत झाला आणि 0-0 असा सुटला. ती चुरस अजून मिटलेली नाही. क्लबचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातील वैराला धार्मिक आणि सामाजिक इतिहास आहे, त्यामुळे दोन स्कॉटिश मंडळींना एकाच टेबलावर बोलावण्यापूर्वी दोघांचे क्लब विचारून घ्यावेत. सेल्टिकचा चाहता असेल, तर 1967 साली लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या संघाचा विषय काढावा. त्या संघातील सारे खेळाडू ग्लासगोपासून 30 मैलांच्या आत, म्हणजे नागपूर-रामटेक एवढ्या अंतरात, जन्मलेले होते. पाहुणा ॲबर्डीन क्लबचा चाहता असेल, तर 1983 मध्ये त्या क्लबने रेआल माद्रिदला हरवल्याची गोष्ट तो न विचारताच सांगेल.

यानंतर वेळेचा हिशेब करावा, कारण जागेची निवड बरीचशी त्यावरच ठरते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्कॉटलंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि उरलेल्या काळात साडेचार तास. तिथला शनिवारी दुपारी तीनचा सामना नागपुरात हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि एरवी साडेसातला सुरू होतो, म्हणजे धरमपेठ आणि सदरमधील प्रत्येक बार जेव्हा भरलेला असतो, नेमका तेव्हा. त्या वेळी एका माणसासाठी वाहिनी बदलायला कोणताही मालक तयार होत नाही, आणि भारताचा किंवा आयपीएलचा सामना चालू असेल, तर विचारूही नये. याउलट सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातील सामना बहुधा तिथल्या दुपारी बारा-साडेबाराला ठेवलेला असतो. हिवाळ्यात तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच-सहाला येतो. रविवारी त्या वेळी नागपूरचे बार जवळजवळ रिकामे असतात, वेटर टेबले पुसत असतात, आणि सहा-सात माणसे येऊन दोन तास बसणार असतील, तर मालकाला ती हवीच असतात. पहिली ओळख अशाच सामन्याच्या निमित्ताने करावी.

जागेच्या प्रकाराबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आपण पबच शोधत राहतो; पण स्कॉटलंडमध्ये 1980 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर मैदानावर झालेल्या दंगलीमुळे स्टेडियममध्ये प्रेक्षकांना मद्य देणे बंद झाले, आणि तिथला चाहता अनेक दशके ‘पाय’ नावाची मांस भरलेली गरम पेस्ट्री आणि बोव्रिल नावाचे मांसरसाचे पेय घेऊन सामने पाहत आला आहे. म्हणून परमिट रूमच हवी असा हट्ट धरू नये. मोठा टीव्ही असलेले, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असे साधे रेस्टॉरंटही चालते, आणि गांधी जयंती किंवा मतदानाच्या आधीचे कोरडे दिवस आले, तर तेच उपयोगी पडते. वर्धा रोडवरील तारांकित हॉटेलांचे बार शांत असतात आणि तिथे विनंतीला मान मिळतो, पण बिल पाहून दर आठवड्याला जाण्याची हिंमत होत नाही. अंधाऱ्या परमिट रूममध्ये मात्र पाहुण्याला एकट्याने पाठवू नये. तिथे धोका असतो म्हणून नव्हे, तर तिथे कोणी कोणाशी बोलत नाही म्हणून.

जागा हेरल्यावर सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी दुपारी तीन-चारच्या सुमारास स्वतः जाऊन व्यवस्थापकाला भेटावे. फोनवर सगळेच ‘हो जी, लावून देऊ’ म्हणतात. त्याला नेमके प्रश्न विचारावेत: कोणत्या वाहिन्या येतात, कोपऱ्यातला टीव्ही वेगळा चालवता येतो का, त्याचा आवाज ठेवता येईल का, आणि त्या दिवशी वाढदिवसाची पार्टी किंवा गाण्यांचा कार्यक्रम आहे का. आवाजाचा मुद्दा सोडू नये, कारण समालोचनाशिवाय आणि प्रेक्षकांच्या गाण्यांशिवाय स्कॉटिश फुटबॉल पाहणे म्हणजे तर्रीशिवाय पोहे खाण्यासारखे आहे. किती माणसे येणार आणि साधारण काय मागवणार हेही सांगावे. स्कॉटिश लीगचे भारतातील प्रक्षेपण हक्क बदलत असतात, म्हणून ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना ते कोणाकडे आहेत हे पाहावे. सामना फक्त ॲपवर असेल, तर स्वतःच्या घरगुती खात्यावरून बारमध्ये दाखवणे बहुधा सेवेच्या अटींत बसत नाही. अशा वेळी सरळ घरीच बसावे.

सोबतीचा प्रश्न मात्र नागपुरात वाटतो तितका अवघड नाही. कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा आहे. ज्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे क्रीडा शिक्षक होते, त्याला स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे नाव आहे, आणि बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेले फुटबॉलचे काम आज ‘स्लम सॉकर’ म्हणून परदेशातही माहीत आहे. हे सांगितल्यावर माझ्या सहकाऱ्याने पुढच्याच रविवारी मैदान दाखवायला सांगितले, आणि तिथे सकाळी खेळणाऱ्या मंडळींपैकी तिघे संध्याकाळी सामना पाहायलाही आले. इंग्लिश प्रीमियर लीग पाहणारे तरुण तर सगळीकडे आहेत. त्यांना स्कॉटिश लीगमध्ये रस नसतो, पण स्कॉटलंड 1998 नंतर प्रथमच 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरल्याने आता किमान बोलायला विषय मिळतो.

युरोपियन स्पर्धांचे रात्रीचे सामने आपल्याकडे साडेबाराला किंवा हिवाळ्यात दीडला सुरू होतात. त्या वेळी शटर खाली येत असते, म्हणून हे सामने बाहेर पाहण्याचा विचारच करू नये. पाहुण्याला घरी बोलवावे, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी आणि बैठकीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. मी हे शेवटचे एकदा विसरलो होतो. रात्री तीनच्या सुमारास भरपाई वेळेत गोल झाला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू काय झाले म्हणून टॉर्च घेऊन खाली आल्या.