तंबू आधी वाळवा, मग धुवा

पाठीवर वाहून न्यायचा हलका तंबू फाटून खराब होतो असं बहुतेकांना वाटतं. खरा शत्रू ओलावा आहे. भटकंतीवरून आल्यावर पिशवीतच पडून राहिलेला, वरून कोरडा भासणारा पण शिवणींत ओल धरून बसलेला तंबू एका पावसाळ्यात कायमचा हातचा जाऊ शकतो.

कापड नायलॉनचं असो वा पॉलिस्टरचं, पाणी अडवतो तो त्यावरचा लेप. बऱ्याच तंबूंच्या फ्लायला (आतल्या तंबूवर घालायचं बाहेरचं आच्छादन) आतून आणि ग्राउंडशीटला (तळाशी अंथरायचं कापड) पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली की हा लेप रासायनिकरीत्या तुटायला लागतो. सुरुवातीला फक्त आंबूस, कुबट वास येतो. मग कधीतरी घडी उघडताना कापड कापडाला चिकटून चर्रर्र आवाज होतो, हाताला चिकट लागतं आणि पांढुरके पापुद्रे गळायला लागतात. इथवर आलेला लेप कुठल्याही धुण्याने परत येत नाही. म्हणून या लेखात धुण्याआधी वाळवणं.

वाळवणं

घरी पोचल्या दिवशीच तंबू पिशवीतून बाहेर काढा. आतला तंबू, फ्लाय आणि ग्राउंडशीट वेगवेगळे करा, चेन उघडा आणि वारा खेळेल अशा सावलीत दोरीवर टाका. जागा असेल तर सरळ उभाच करा. ऊन नको, कारण अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो आणि पॉलिस्टरपेक्षा नायलॉनला हे जास्त बाधतं. तास-दोन तासांनी बाजू बदला. कापडाचा मधला भाग लवकर सुकतो, त्यावर विसंबू नका. दुमडलेली जाड शिवण, पट्ट्या जिथे शिवल्या आहेत ती जागा, चेनची कड आणि ग्राउंडशीटचे चार कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात. शिवण चिमटीत धरून क्षणभर दाबा. शेजारच्या कापडापेक्षा ती गार लागली तर आत पाणी आहे, अजून थांबा. तंबूची पिशवी आणि ताणदोऱ्यांची गुंडाळीही उलगडून वाळवा. सगळं कोरडं करून ओल्या पिशवीत भरलं तर केलेलं वाया जातं.

वाटेत ओलाच तंबू गुंडाळावा लागला तर जिथे जेवायला थांबाल तिथे अर्धा तास पसरून ठेवा. फ्लाय आणि आतला तंबू वेगवेगळ्या पिशव्यांत भरला तर निदान एक भाग कोरडा राहतो.

धुणं

दर खेपेला धुवायची गरज नाही. माती वाळली की झटकून निघते, उरलेला डाग ओल्या स्पंजने पुसला जातो. वास येत असेल, घामाचा किंवा सनस्क्रीनचा ओशटपणा असेल, किंवा समुद्रकाठचं मीठ बसलं असेल तेव्हाच पूर्ण धुवा. मीठ मात्र कधीच राहू देऊ नका. ॲल्युमिनियमचे पोल (तंबू उभा धरणारे दांडे) आणि चेनचे धातूचे रनर, म्हणजे चेन उघडायला-लावायला सरकवायचे तुकडे, ते खाऊन टाकतं.

वॉशिंग मशीन पूर्ण वर्ज्य. आतल्या पिळाने जाळी फाटते, शिवणी ताणल्या जातात आणि शिवणीवरची टेप सुटते. ड्रायरची उष्णता तर त्याहून वाईट. कपड्यांची पावडरही नको. तिचा अंश कापडावर राहतो आणि थेंब गोळा होऊन घरंगळण्याऐवजी पाणी पसरायला लागतं. बिनवासाचा सौम्य साबण किंवा तंबूसाठीचा खास क्लीनर वापरा.

मोठ्या टबात गार किंवा अगदी कोमट पाणी घ्या आणि साबण बाटलीवरच्या प्रमाणात विरघळवा. अंदाजाने जास्त ओतलात तर विसळताना दमछाक होईल. तंबू आधी उलटा करून कोपऱ्यांतली वाळू आणि काटक्या झटका, चेन उघड्या ठेवा आणि एका वेळी एकच भाग बुडवा. मऊ स्पंजने हलक्या हाताने चोळा. ब्रश किंवा स्पंजची खरखरीत बाजू लेपावर लावू नका. तासन्‌तास भिजत ठेवायचं नाही. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलून विसळा, दोन-तीनदा तरी. नंतर पिळू नका, टबाच्या कडेला दाबून पाणी निथळू द्या.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. त्यासाठी एन्झाइम असलेला वासनाशक क्लीनर मिळतो. सांगितलं तेवढाच वेळ ठेवून विसळा. वास जाईल, ठिपके बहुधा राहतील, आणि राहू द्यावेत. डाग घालवण्याच्या नादात ब्लीच ओतलं की नायलॉनचा धागा कुजतो. झाडाचा चीक लागला असेल तर बर्फाने कडक करून जमेल तेवढा उचला. उरलेल्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या बोळ्याने लावा, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. पक्ष्यांची विष्ठा वाळण्याआधीच ओल्या फडक्याने भिजवून काढा.

चेन

चेन बिघडली की लोक दातांना दोष देतात. झिजलेला असतो तो रनर. वाळूचे कण त्यात अडकतात, प्रत्येक ओढीबरोबर आतला धातू घासला जातो आणि त्याची पकड सैल होते. मग रनर पुढे सरकतो आणि मागे चेन उघडीच राहते. असं झालं तर रनरच्या दोन्ही कडा लहान पकडीने अगदी किंचित, दोन्हीकडे सारख्या दाबा आणि चेन ओढून पाहा. गरज पडली तर पुन्हा किंचित. एकदम जोर लावला तर रनर तडकतो. तरीही जमलं नाही तर रनरच बदला. त्याच्या मागे बहुधा 5 किंवा 8 असा आकडा कोरलेला असतो, तोच आकडा आणि तोच प्रकार हवा. चेनच्या टोकाची दोन-चार टाक्यांची शिवण उसवून नवा रनर चढवता येतो आणि टोक पुन्हा शिवता येतं. चांगल्या शिंप्याला हे दहा मिनिटांचं काम.

हे टाळायचं असेल तर जुन्या टूथब्रशने दात साफ करा, पाण्याने धुवा आणि वाळल्यावर चेनसाठीचं सिलिकॉन वंगण पुसटसं लावा. तेल नको, ते वाळू धरून ठेवतं.

पोल

पोल हवेत झटकून आपोआप जोडू देऊ नका. टोकं एकमेकांवर आपटून बारीक चिरा पडतात आणि ताण आला की तिथूनच नळी फाटते. एकेक सांधा हाताने पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेला सांधा वाऱ्याच्या पहिल्या झोतात वाकतो. तंबूच्या कापडी बाहीतून काढताना पोल ओढू नका, ढकला. ओढलं की सांधे सुटून कापडात अडकतात. घडी मधून सुरू करा म्हणजे आतल्या इलॅस्टिक दोरीवर दोन्ही बाजूंनी सारखा ताण येतो. प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवा. नखाला लागणारी चीर म्हणजे तो तुकडा बदलण्याची वेळ. थोडा वाकलेला पोल पूर्ण सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ॲल्युमिनियम पुन्हा वाकवलं की आणखी कमजोर होतं. पोल मोडला तर त्या जागी वरून चढवायची आखूड नळी मात्र सॅकमध्ये कायम असू द्या.

गळती

गळती म्हणण्याआधी दवाची शक्यता तपासा. पाऊस नसलेल्या रात्रीही फ्लायच्या आतून सगळीकडे सारखे थेंब जमत असतील तर ती तुमच्या श्वासातली वाफ आहे, खिडक्या उघडा. पाणी एकाच जागी, शिवणीजवळ येत असेल तर ती गळती. बाहेरून फ्लाय भिजून गडद दिसते म्हणून घाबरू नका. वरचं पाणी झटकणारं आवरण झिजलं आहे, आतला लेप शाबूत असू शकतो. तेव्हा स्वच्छ फ्लायवर वॉटरप्रूफिंग स्प्रे मारा आणि काही मिनिटांनी जास्तीचा ओल्या फडक्याने पुसा.

शिवणीची टेप सुटली असेल तर सुटलेला तुकडा पूर्ण काढा, जागा अल्कोहोलने पुसा, सीलरचा (शिवण बुजवायचं चिकट द्रावण) पातळ थर द्या आणि 24 तास वाळू द्या. दोन दिवस आधी करा, निघायच्या आदल्या रात्री नको. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक चुकीच्या सीलरची. पीयूचा लेप असलेल्या कापडाला पीयूचा सीलर, सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, वाळल्यावर सालासारखं निघून येतं. दोन्ही बाजूंनी निसरडं आणि शिवणीवर टेप नसलेलं कापड बहुधा सिलिकॉनचं असतं. खात्री नसेल तर कोपऱ्यात एक थेंब लावून दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहा.

फाटलेल्या जागी ठिगळ लावताना ते फाटीच्या चहूबाजूंनी निदान 2 सेंटीमीटर मोठं घ्या आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचकटतो. जागा अल्कोहोलने पुसून, सपाट पृष्ठभागावर घट्ट दाबून लावा. फाट मोठी असेल तर दोन्ही बाजूंनी लावा.

ठेवताना

घरी तंबू त्याच्या घट्ट पिशवीत ठेवू नका. उशीच्या मोठ्या सुती अभ्र्यात किंवा जाळीच्या पिशवीत सैल भरा, म्हणजे हवा लागते. दरवेळी त्याच घडीवर मोडलं की लेपाला तिथेच चीर पडते, त्यामुळे घड्या बदलत राहा. गाडीची डिकी, पत्र्याखालचा माळा आणि ओलसर तळघर टाळा. पोल जमल्यास न दुमडता ठेवा, इलॅस्टिक दोरी सैल पडत नाही. पेगवरची (तंबू ताणायला जमिनीत ठोकायच्या खुंट्या) माती धुवून ते वेगळ्या पिशवीत भरा, टोचून ग्राउंडशीटला भोक पडायला एक टोक पुरतं.