सर्व्हरवरचं लांबलचक काम: टाइमआउट वाढवण्याआधी या चुका टाळा

वर्षभराच्या व्यवहारांचा एक्सेल अहवाल काढणारं बटण घ्या. चाचणीच्या डेटावर फाइल तीन सेकंदांत मिळते. खऱ्या डेटात नोंदी लाखाच्या घरात गेल्या की पडद्यावर ५०४, म्हणजे 'वेळेत उत्तर आलं नाही' अशी चूक येते. मग बहुतेकांचा हात आधी टाइमआउटच्या (उत्तराची किती वेळ वाट पाहायची त्या मुदतीच्या) सेटिंगकडे जातो, आणि घोळ तिथून वाढत जातो.

टाइमआउट एकटा नसतो. अॅपच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा प्रॉक्सी रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा, रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या अॅमेझॉनच्या अॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउटही ६०, पायथनचं अॅप चालवणाऱ्या गनिकॉर्नचा ३०. एक वाढवला की दुसरा आडवा येतो. म्हणून जोडणी कोणी तोडली ते लॉगमध्ये आधी बघा. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ५०४ म्हणजे मागच्या अॅपकडून वेळेत उत्तर आलं नाही. ४९९ म्हणजे समोरच्यानेच, ब्राउझरने किंवा पुढच्या लोड बॅलन्सरने, जोडणी बंद केली. ५०२ दिसला आणि गनिकॉर्नच्या लॉगमध्ये त्याच वेळी 'वर्कर टाइमआउट' असेल, तर वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी प्रक्रिया, मारला गेला आहे.

समजा सगळीकडे ३०० सेकंद केले. गनिकॉर्नचे चार सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारे) असतील, तर चौघांनी एकदम अहवाल मागताच लॉगिनचं पानही कोणालाच उघडणार नाही. पीएचपीत याचा आणखी एक प्रकार दिसतो. वापरकर्त्याची लॉगिनसारखी माहिती ठेवणाऱ्या सेशन फाइलला लॉक असल्यामुळे अहवाल चालू असेपर्यंत त्याच वापरकर्त्याचे बाकीचे टॅब नुसते फिरत राहतात. लांब काम सुरू करण्याआधी सेशन राइट क्लोज करा, ते लॉक सुटतं.

जोडणी तुटली म्हणून मागचं काम थांबतंच असं नाही, ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. वापरकर्ता रिफ्रेश करतो आणि तीच जड क्वेरी दुसऱ्यांदा सुरू होते. अहवाल गेट (नुसती माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टवर ठेवला असेल आणि एनजिनएक्समागे एकाहून अधिक सर्व्हर असतील, तर रिफ्रेशचीही गरज नाही: टाइमआउट झाला की एनजिनएक्स आपणहून तीच रिक्वेस्ट पुढच्या सर्व्हरला देतो. पोस्टच्या (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टच्या) बाबतीत १.९.१३ आवृत्तीपासून तो सहसा असं करत नाही. तेव्हा असं काम गेटवर ठेवूच नका.

मार्ग सरळ आहे. पोस्ट आली की जॉबच्या टेबलात 'प्रतीक्षेत' अशी नोंद करा, तिचा क्रमांक क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाका आणि लगेच २०२ ('काम स्वीकारलं') उत्तर देऊन स्थिती पाहण्याचा पत्ता कळवा. क्यूमधून काम उचलून ते मागे करणारा वर्कर वेगळा असतो. पान दर तीन-चार सेकंदांनी ती स्थिती विचारेल. फाइल तयार झाली की दुवा दाखवा.

पण क्यू आणली म्हणजे काळजी मिटली असं नाही. नोंद डेटाबेसमध्ये कमिट (पक्की) होण्याआधीच क्रमांक क्यूत गेला, तर चपळ वर्करला ती नोंद सापडतच नाही. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये यासाठीच, कमिट झाल्यावरच पुढचं पाऊल टाकणारं, ऑन कमिट आहे.

त्याहून महागात पडते पोच देण्याची, म्हणजे वर्करने क्यूला 'काम झालं' असं कळवण्याची मुदत. ठरल्या वेळात वर्करकडून पोच आली नाही, तर वर्कर मेला असं समजून क्यू तेच काम दुसऱ्याला देते. अॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेत ही मुदत मुळात ३० सेकंद आहे. पायथनच्या सेलरीत ब्रोकर (क्यू सांभाळणारा) रेडिस असेल आणि पोच काम संपल्यावर दिली जात असेल, तर एक तास. पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये याच मुदतीला रिट्राय आफ्टर म्हणतात, तो ९० सेकंद असतो. लोक वर्करचा टाइमआउट ६०० करतात, याला हात लावत नाहीत, आणि ग्राहकाला एकच ईमेल दोन-तीनदा जाते. रिट्राय आफ्टर नेहमी वर्करच्या टाइमआउटपेक्षा मोठा ठेवा.

मुदत वाढवली तरी काम दोनदा येऊ शकतं, हे धरूनच कोड लिहा. वर्करने सुरुवातीला 'स्थिती प्रतीक्षेत असेल तरच चालू कर' असा एकच अपडेट चालवावा. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर तिथेच थांबावं. इथे एक फट राहते: वर्कर मध्येच मेला तर नोंद कायम 'चालू' दिसते. म्हणून दर ३० सेकंदांनी वेळ नोंदवणारा एक रकाना ठेवा. तो पाच मिनिटांहून जुना दिसला तर दुसऱ्या वर्करला काम उचलू द्या.

लाखभर ओळी एकदम मेमरीत घेऊ नका. हजार-हजारच्या तुकड्यांत, आयडीच्या क्रमाने वाचा. ऑफसेट ('आधीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या दे') वापरलात तर पुढचा प्रत्येक तुकडा आधीपेक्षा हळू येतो. प्रत्येक तुकड्यानंतर शेवटचा आयडी आणि तयार झालेला भाग साठवा. नवी आवृत्ती चढवताना याचा खरा उपयोग होतो, कारण तेव्हा जुना वर्कर थांबवला जातो, आणि अॅप कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनांपैकी डॉकरचा स्टॉप मुळात १० सेकंद वाट पाहतो आणि कुबरनेटीस ३०. त्यानंतर वर्कर थेट मारला जातो.

हे सगळं झालं की चाचणी सर्व्हरवर अहवाल अर्ध्यात असताना वर्करला किल उणे नऊ (प्रक्रिया तत्काळ मारणारी आज्ञा) द्या. पाच मिनिटांनंतर दुसऱ्या वर्करने काम उचललं का, फाइलमध्ये ओळी दुबार आल्या का आणि ईमेल किती गेल्या, ते मोजा.